निळा दोरा

वाचनालयाने तिला खाकी पुठ्ठ्यात बांधलंय,
त्यामुळे कादंबरीचं नाव मला अजून माहीत नाही.
पहिली चार पानंही गेलेली.
गोष्ट सुरू होते ती थेट एसटी चुकलेल्या दोघांपासून,
एकाच बाकावर, मध्ये चण्यांची पुडी.

मी वाचते दाभोळच्या धक्क्यावर, तिकिटाच्या खोलीत.
फेरीबोट धोपाव्याला जाऊन परत येईपर्यंत
जेवढा वेळ, तेवढाच माझा.
सहा पानं होतात. दुचाक्या जास्त असल्या तर पाच.

त्या दोघांची मैत्री आहे. आहे, आहे, आहेच.
तो तिच्या भावाच्या लग्नात पंगतीला वाढतो,
ती त्याच्या आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेते,
आणि पान एकशे चाळीस आलं तरी
एकालाही काही कळत नाही.
मी वैतागून पुस्तक मिटते.
इतकी बावळट माणसं असतात का रे जगात?

असं मी उल्हास तोडणकरला विचारलं.
उल्हास बोटीची फळी टाकतो, साखळी ओढतो,
ट्रकवाल्यांना येऊ दे येऊ दे बस्स करत आत घेतो.
एकोणीस वर्षं आम्ही एकाच धक्क्यावर.
माझ्या डब्यातली भाकरी त्याला,
त्याच्या डब्यातलं करंदीचं सुकं मला,
हे कधी ठरलं आठवत नाही.
बाबा गेले त्या पहाटे
पलीकडून माझ्या आत्याला आणलं ते त्यानेच,
सारंगाला उठवून, वेळेआधी बोट काढायला लावून.
मेमो मिळाला त्याला. आम्ही त्यावर कधी बोललो नाही.

तो म्हणाला, "असतील की."
आणि साखळीला ग्रीस लावायला गेला.

माझी खूण म्हणजे दुचाकीचं जुनं गुलाबी तिकीट.
मंगळवारी ते होतं एकशे बासष्टला.
आणि एकशे एकतीसला, शिवणीत नीट बसवलेला,
जाळं विणायच्या नायलॉनचा वीतभर दोरा. निळा.

दुपारी तीनला मी भरणा घेऊन बँकेत जाते.
तेव्हा खोलीत उल्हास बसतो.
मला वाटायचं, भरतीओहोटीच्या तक्त्याशिवाय
तो काही वाचत नाही.

पुस्तक होतं तसं ठेवलं.
बुधवारी दोरा एकशे अडतीसला. गुरुवारी तिथेच,
गुरुवारी लग्नाची तीन वऱ्हाडं पार करायची होती.
शुक्रवारी एकशे पन्नास, आणि समासात ग्रीसचा अंगठा,
जिथे ती त्याची उसवलेली बाही बघते
आणि घरमालकिणीकडे सुई मागते.

मी आता दोनशे दहावर आहे. पुस्तक दोनशे चोवीसचं.
अडीच फेऱ्यांत शेवट कळेल.
पण थांबलेय.
वाचनालयाच्या शेट्येबाईंचा निरोप आला,
दंड दिवसाला रुपया. देईन.

तोवर पुन्हा सुरुवातीपासून वाचते.
पान नऊवर तो चण्यांची पुडी
दोन बोटं तिच्याकडे सरकवतो.
तेव्हाच की! पहिल्यांदा मी
नुसते चणे वाचले होते.

आज दोरा एकशे नव्वदला.
साडेपाचची बोट लागली, फळी सिमेंटवर पडली.
न बघता मला कळतं, टाकणारा उल्हास आहे
की त्याच्या सुट्टीतला बदली माणूस.
कधीपासून कळतं, काय माहीत.

"काय झाला मग त्यांचा?"
खिडकीत कोपर टेकून, साळसूदपणे.
मी सुट्टे मोजत राहिले.
"तुझी अजून चौतीस पानं आहेत," म्हटलं.

खाडीवरून एक बगळा गेला. दोघांनीही तो नीट बघितला.
मग उल्हास घाईने साखळी ओढायला वळला.
साखळी आधीच ओढलेली होती.